कायदा आणि आपण : अपहाराच्या फिर्यादीत नाव आले तर

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच जातीच्या अडचणीची आहेत : पतसंस्था, सोनेतारण, ठेवी, उचल, आणि या व्यवहारांतून उभी राहिलेली फौजदारी फिर्याद. व्यक्ती किंवा संस्था ओळखता येईल असा तपशील वगळून त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील गुंता सर्वांत मोठा असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आदरणीय वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. मी एका पतसंस्थेच्या शाखेत रोखपाल आहे. सोनेतारणाची पाकिटे ज्या तिजोरीत असतात तिच्या दोन चाव्या असून एक शाखाधिकाऱ्यांकडे आणि दुसरी माझ्याकडे असे. गणपतीच्या आधी एक खातेदार बाई आपल्या पाटल्या सोडवायला आल्या, तेव्हा पाकिटातून निघालेले दागिने त्यांचे नव्हते आणि सोन्याचेही नव्हते. नंतरच्या तपासणीत २०२१ ते २०२३ या काळातील आणखी काही पाकिटे तशीच निघाली. शाखाधिकारी रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. अध्यक्षांनी मला कार्यालयात बसवून, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे हे घडले, मी रक्कम भरून देईन’ असे मुद्रांकावर लिहून घेतले. आता ओरोस येथील आर्थिक गुन्हे शाखेत हजर राहण्याची नोटीस आली आहे. भाऊ म्हणतो, गावची जमीन विकून पैसे भरून टाकू म्हणजे प्रकरण मिटेल. मी काय करावे? (एक वाचक, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : ताई, नोटिशीवर कोणते कलम लिहिले आहे ते आधी पाहा. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली असेल, तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे, आणि त्या कलमानुसार कोणत्याही स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. ती कलम ३५(३) खाली असेल, तर तुमच्यावर संशय आहे असे समजावे. मात्र या दुसऱ्या प्रकारच्या नोटिशीचा अर्थ असाही होतो की पोलिसांना तूर्त अटकेची गरज वाटलेली नाही. नोटिशीप्रमाणे जी व्यक्ती वेळेवर हजर राहते तिला अटक करावयाची झाल्यास पोलिसांना त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. जी व्यक्ती हजर राहत नाही तिने अटकेचे कारण आपणच पुरवलेले असते. म्हणून आजारपणाचे खोटे दाखले मिळवून तारखा पुढे ढकलण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नये.

घटना १ जुलै २०२४ पूर्वीच्या असल्यामुळे गुन्ह्याची कलमे जुन्या भारतीय दंड संहितेचीच लागतील, फक्त कार्यपद्धती नव्या संहितेची असेल. येथे कलम ४०८ की कलम ४०९ हा प्रश्न तुमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. नोकराने केलेल्या विश्वासघाताला कलम ४०८ लागते आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. लोकसेवक, बँकर किंवा अभिकर्ता (एजंट) यांनी केलेल्या विश्वासघाताला कलम ४०९ लागते आणि तेथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. कलम ४०९ लावले की ते संरक्षण हातचे जाते, आणि पतसंस्थांच्या फिर्यादींत ते कलम सवयीने लावले जाते, असे मला वाटते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील संस्थेचे पदाधिकारी दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले आहे. ‘मग अभिकर्ता म्हणून कलम लागते’ असे सरकार पक्ष म्हणेल, परंतु पगारी रोखपालाला अभिकर्ता म्हणता येते का, हा वाद तुमच्या वकिलांनी जामिनाच्या पहिल्याच अर्जात मांडला पाहिजे.

आता मूळ आरोपाकडे वळू. विश्वासघाताच्या गुन्ह्यासाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : मालमत्ता आरोपीकडे सोपवलेली होती, आणि आरोपीने ती अप्रामाणिक हेतूने वापरली किंवा दुसऱ्याला वापरू दिली. नुसता निष्काळजीपणा नोकरी घालवू शकतो, नुकसानभरपाई द्यायला लावू शकतो, परंतु तो फौजदारी विश्वासघात होत नाही. दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी. मालमत्ता सोपवली होती हे सिद्ध झाले आणि ती कोठे गेली याचे पटण्यासारखे स्पष्टीकरण मिळाले नाही, तर त्या मौनातून न्यायालय अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढू शकते. त्यामुळे ‘मला काही ठाऊक नाही’ एवढ्या वाक्यावर बचाव उभा राहणार नाही. त्या चावीचे काय झाले हे तारीखवार सांगता आले पाहिजे.

ते सांगण्यासाठी लागणारा पुरावा बहुतेक संस्थेच्याच कपाटांत असतो. तिजोरी रोज कोणी उघडली आणि कोणी बंद केली याची चावी-नोंदवही पाहा. तुम्ही रजेवर असलेल्या दिवशी तिजोरी उघडली असेल, तर त्या दिवशी तुमची चावी कोणाकडे सोपवली आणि त्याची सही आहे का, हे पाहा. सोनेतारणाच्या प्रत्येक पाकिटावर कर्ज क्रमांक, दागिन्यांचे ढोबळ व निव्वळ वजन, मूल्यांकन करणाऱ्या सराफाची सही आणि लाखेचे सील असते. सील तुटून पुन्हा लावलेले दिसते का, पाकिटावरील वजन आणि कर्ज अर्जावरील वजन जुळते का, कसोटी लावणारा सराफ सगळ्या पाकिटांवर एकच आहे का, या तीन गोष्टींवरून पाकीट तारण घेतानाच खोटे होते की नंतर बदलले गेले याचा बराच अंदाज येतो. सोने तारण घेतानाच खोटे असेल, तर संशय सराफ, कर्जदार आणि कर्ज मंजूर करणारा यांच्याकडे वळतो. ते नंतर बदलले असेल, तर दोन्ही चावीधारकांना उत्तर द्यावे लागते. एका वाक्यात ‘तिजोरीतील सोने गेले’ असे लिहिलेल्या फिर्यादीत हे दोन वेगळे गुन्हे एकत्र मिसळलेले असतात, आणि ते वेगळे करून दाखवणे हे बचावाचे पहिले काम आहे.

संगणकाच्या बाबतीतही असेच आहे. नोंद तुमच्या युजर आयडीने झाली म्हणजे ती तुम्हीच केली असे आपोआप सिद्ध होत नाही, कारण लहान शाखांमध्ये पासवर्ड चार जणांना ठाऊक असतो. ही पद्धत चुकीची आहे, पण ती आहे. नोंदीची वेळ, तुमची हजेरी आणि रजेचे अर्ज एकत्र ठेवून पाहिले, तर काही नोंदी तुम्ही जागेवर नसताना झालेल्या आढळू शकतील. संस्थेचे प्रशासक किंवा व्यवस्थापक यांना आजच लेखी अर्ज देऊन चावी-नोंदवही, हजेरीपट, संगणकातील नोंदींचा इतिहास आणि सीसीटीव्हीचे चित्रीकरण जतन करण्याची मागणी करा, आणि अर्जाची पोच घ्या. जुन्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण होत जाते, त्यामुळे येथे एक आठवडाही महाग पडतो. मूळ कागद मात्र घरी आणू नका आणि जुन्या नोंदवहीत आठवणीने काही भरू नका. हेतू कितीही चांगला असला तरी पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा नवा आरोप त्यातून तयार होतो.

मुद्रांकावर लिहून दिलेल्या मजकुराने तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटत असेल. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण अध्यक्षांसमोर लिहून दिलेल्या कागदाला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. तथापि अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीने धमकी, प्रलोभन किंवा आश्वासन देऊन घेतलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २२ नुसार अग्राह्य ठरते. म्हणून त्या दिवशी कोण कोण उपस्थित होते, किती वेळ बसवून ठेवले, मजकूर कोणी सांगितला आणि ‘लिहून दिलेस तर तक्रार करणार नाही’ असे कोणी म्हणाले का, हे आठवते तसे लिहून काढून वकिलांकडे द्या, आणि त्यांच्या सल्ल्याने संस्थेला पत्र पाठवून तो मजकूर दबावाखाली लिहिल्याचे कळवा. शिवाय तुम्ही लिहून दिले आहे ते निष्काळजीपणाबद्दल आहे, अपहाराबद्दल नाही. हा फरक क्षुल्लक नाही.

चौकशीला जाताना वकिलांना बरोबर न्या. चौकशी चालू असताना ते प्रत्येक क्षणी शेजारी बसू शकतीलच असे नाही, पण ते बाहेर आहेत याचाही उपयोग होतो. घटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार स्वतःला गोवणारी उत्तरे देण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, आणि तपासात घेतलेल्या जबाबावर सही करणे कायद्याने अपेक्षितच नाही. सहीचे व हस्ताक्षराचे नमुने देण्याबाबत मात्र न्यायालयाचा आदेश झाला, तर नकार देऊ नये. नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच ठरवले आहे. आणि खोट्या कर्ज अर्जांवरील सह्या तुमच्या नसतील, तर तो नमुना तुमच्याच बाजूने बोलेल.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज ओरोसच्या सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली करता येईल. तेथे तो नामंजूर झाल्यास आता मुंबईला धाव घेण्याचे कारण नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांची उच्च न्यायालयातील प्रकरणे कोल्हापूरच्या खंडपीठासमोर चालतात. आर्थिक गुन्हे हा वेगळा आणि गंभीर वर्ग आहे असे न्यायालये म्हणतात हे खरे. पण तेथेही जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पुन्हा सांगितले आहे. पळून जाणार नाही, पुरावा बदलणार नाही आणि साक्षीदारांवर दबाव आणणार नाही, या तीन बाबींवर न्यायालयाची खात्री पटवावी लागते. तुमची वर्षानुवर्षांची स्थायिक वस्ती, नोटिशीला दिलेला प्रतिसाद आणि जतनाच्या मागणीचा पोच असलेला अर्ज या खात्रीसाठी उपयोगी पडतात.

जमीन विकण्याची घाई करू नये. पैसे भरल्याने कलम ४०९ चा खटला मिटत नाही, कारण तो तडजोडयोग्य गुन्हा नाही, आणि ठेवीदारांच्या पैशाशी संबंधित गुन्हा केवळ समेटाच्या आधारे रद्द करण्यास न्यायालये सहसा तयार नसतात. रक्कम भरण्याची हमी देऊन जामीन मिळवण्याची प्रथाही सर्वोच्च न्यायालयाला मान्य नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात अशा हमीवर जामीन देऊ नये असे न्यायालयाने स्पष्ट निर्देश दिले आहेत. जे सोने तुम्ही घेतले नाही त्याची किंमत भावाच्या शेतातून फेडली, तर उद्या त्याच भरण्याकडे बोट दाखवून ‘निर्दोष माणूस कशाला पैसे भरेल’ असे विचारले जाईल.

दोषारोपपत्र आल्यावर कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत आरोपमुक्तीचा अर्ज करण्याची मुदत नव्या संहितेने घातली आहे. ती तारीख वकिलांच्या डायरीत आहे का, हे तुम्ही स्वतः विचारावे. वकिलांची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : महोदय, मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६८ आहे. गावच्या पतसंस्थेत लोकाग्रहास्तव संचालक झालो. मासिक सभेला जात असे आणि इतिवृत्तावर सही करत असे. संस्था ठेवी परत करू शकली नाही, म्हणून ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाच्या कायद्याखाली सर्व संचालकांवर गुन्हा दाखल झाला आहे. मी एक रुपयाही घेतलेला नाही. घर आणि आंब्याची बाग मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावी का? (एक वाचक, ता. दापोली)

उत्तर : गुरुजी, बक्षीसपत्र करू नका. गुन्हा दाखल झाल्यानंतर मुलाच्या नावे केलेले हस्तांतरण टिकण्याची शक्यता कमी आहे, कारण १९९९ चा हा महाराष्ट्राचा कायदा कपटाने हस्तांतरित केलेली मालमत्ता घेणाऱ्याच्या हातूनही जप्त करण्याची सोय करतो. धनकोंना टाळण्यासाठी मालमत्ता हलवणे हा स्वतंत्र गुन्हाही आहे. म्हणजे आज ज्या मुलाचे नाव प्रकरणात कोठेच नाही, त्यालाही तुम्ही त्यात ओढाल. जप्तीची अधिसूचना निघाली, तर विशेष न्यायालय संबंधितांना नोटीस देऊन हरकती ऐकते, आणि तेथे तुमचे म्हणणे मांडता येते. कोकणात बागेच्या सातबाऱ्यावर बहुधा चार-पाच भावांची नावे असतात. तुमचीही बाग सामाईक असेल, तर जप्ती तुमच्या हिश्श्यापुरतीच व्हावी, यासाठी भावांनी वेगळी हरकत घ्यावी आणि वारसनोंदींचे फेरफार त्यासोबत जोडावेत.

फौजदारी जबाबदारी आणि सहकार कायद्याची जबाबदारी यांची गल्लत होते, म्हणून त्या वेगळ्या ठेवा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७३ नुसार समितीच्या निर्णयांना सर्व सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे जबाबदार असतात, आणि कलम ८८ च्या चौकशीत नुकसान निश्चित होऊन वसुलीचा आदेश तुमच्यावरही होऊ शकतो. ती चौकशी दुर्लक्षित करू नका. अनेक संचालक फौजदारी खटल्याच्या धास्तीत कलम ८८ च्या तारखांना गैरहजर राहतात आणि एकतर्फी आदेश ओढवून घेतात, हे मला फार खटकते. फौजदारी कायद्यात मात्र केवळ पदावर होता म्हणून कोणी दोषी ठरत नाही. व्यक्तीची स्वतःची कृती व हेतू दाखवावा लागतो, किंवा कायद्याने तशी जबाबदारी स्पष्टपणे टाकलेली असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सुनील भारती मित्तल प्रकरणात सांगितले. तुमच्यावर लावलेल्या कायद्याचे कलम ३ तशी जबाबदारी टाकते. त्यात सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण तेथेही संस्थेच्या व्यवस्थापनाला किंवा कारभाराला जबाबदार असलेली व्यक्ती असेच शब्द आहेत.

त्यामुळे तुमचा सगळा बचाव इतिवृत्तांच्या वहीत आहे. बुडालेली मोठी कर्जे ज्या सभेत मंजूर झाली त्या सभेला तुम्ही होता का, तुम्ही कर्ज समितीवर होता का, कोणत्या ठरावाला विरोध नोंदवला का, आणि लेखापरीक्षकाने शेरे मारलेले अहवाल सभेपुढे ठेवले गेले होते का, हे पाहावे लागेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ‘मला कळले नाही’ हा बचाव दुबळा होतो, आणि हे तुमच्या वकिलांपासून लपवू नका. नातेवाईकांना कर्ज मिळाले असल्यास तेही आजच सांगा. सरकारी वकिलांच्या तोंडून ते प्रथम ऐकण्याची पाळी तुमच्या वकिलांवर येऊ नये. साक्षीदार म्हणून बोलावणे आले, तर साठ वर्षांवरील पुरुषालाही राहत्या ठिकाणीच जबाब देण्याची मुभा आहे. तुम्ही आरोपी असल्याने ती येथे सहसा मिळणार नाही.

प्रश्न : वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी उचल घेतली होती आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक दिला होता. मोहोर गळाला, ठरल्यापेक्षा फार थोड्या पेट्या पाठवता आल्या. आता दलालाने फसवणुकीची तक्रार केली आहे आणि चेक पूर्ण उचलीच्या रकमेने भरून वटवायला टाकला. तो परत गेला. (एक बागायतदार, ता. देवगड)

उत्तर : फसवणुकीच्या गुन्ह्यात फसवण्याचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून असावा लागतो. नंतर शब्द पाळता आला नाही म्हणून दिवाणी कराराचा भंग होतो, फसवणूक होत नाही. तुम्ही पाठवलेल्या पेट्यांच्या पट्ट्या (दलालाने दिलेले विक्रीचे हिशेब), वाहतुकीच्या पावत्या, मागील हंगामांचे हिशेब आणि पीक नुकसानीचा पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत, एवढे कागद तुमचा हेतू स्वच्छ होता हे दाखवायला बऱ्याच अंशी पुरेसे आहेत.

चेकचा भाग अधिक काळजीचा आहे. कोऱ्या चेकवरही सही तुमची असेल, तर तो देणे फेडण्यासाठी दिला असे कायदा गृहीत धरतो, आणि ते गृहीतक खोडण्याचा भार तुमच्यावर येतो. बँकेकडून चेक परत गेल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत दलालाने नोटीस पाठवायला हवी, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस तुम्हाला मिळतात. या १५ दिवसांत उत्तर द्याच. चेक दिल्यानंतर पाठवलेल्या पेट्यांची रक्कम उचलीतून वळती झाली असेल आणि तरीही चेक पूर्ण रकमेने भरला असेल, तर त्या रकमेच्या चेकवर चेक न वटल्याचा, म्हणजे कलम १३८ चा, गुन्हा उभा राहत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय आहे. म्हणून प्रत्येक पट्टीवर ‘उचलीतून वजा’ अशी नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर दलालाकडे खातेउताऱ्याची लेखी मागणी करा. फोनवर झालेल्या बोलण्यावर विसंबू नका.

प्रश्न : मालवणजवळ आमचे छोटे होमस्टे आहे. एका पाहुण्याने यूपीआयने पैसे दिले. नंतर परराज्यातील सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने आमचे पूर्ण खाते गोठवले. आम्ही आरोपी आहोत का? (एक वाचक, ता. मालवण)

उत्तर : खाते गोठले म्हणून तुम्ही आरोपी झालात असे नाही. फसवणुकीचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्या साखळीत तुमचे खाते आले आहे. बँकेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि वादातील नेमकी रक्कम लेखी मागून घ्या. मग त्या पोलीस ठाण्याला त्या मुक्कामाची नोंदवहीतील नोंद, बिल, पाहुण्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तुमच्या परवान्याची प्रत जोडून खुलासा पाठवा, आणि वादातील रकमेपुरतीच रोक ठेवून बाकी खाते मोकळे करण्याची विनंती करा. खाते गोठवल्याची माहिती पोलिसांनी विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना देणे आवश्यक असते. ती दिली का, हेही विचारा, आणि दाद मिळाली नाही तर त्याच दंडाधिकाऱ्यांकडे खाते मोकळे करण्याचा अर्ज करता येतो. ‘इतके पैसे पाठवा, खाते लगेच सुरू करतो’ असा फोन आला, तर तो कोणाचाही असो, पैसे देऊ नका. हंगाम चालू आहे म्हणून शेजाऱ्याच्या किंवा कामगाराच्या खात्यावर पैसे घेण्याचा मोह होईल, पण तसे केल्यास त्याच्याही खात्याची हीच गत होऊ शकते आणि तुमचा खुलासा संशयास्पद वाटू लागतो. त्यापेक्षा दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावे व्यवसायाचे वेगळे खाते उघडावे आणि पाहुण्यांना छापील बिलावर तोच क्रमांक द्यावा.